खापर किती मोठं घ्यावं? (आणि चुकलं तर ते कोणावर फोडावं?)

पेट पास झालात, कोर्सवर्कला बसलात, आणि आता गाईड विचारतात, "तुमचा संशोधनाचा प्रश्न काय?" आपण मोठ्या उत्साहाने सांगतो, "सर, अमुक गोष्टीचं योग्य प्रमाण शोधायचंय." गाईड शांतपणे पुढचा प्रश्न टाकतात, "योग्य म्हणजे कशासाठी? आणि प्रमाण म्हणजे नेमकं काय मोजणार?" इथे आपली बोलती बंद होते. माझी झाली होती. पहिला आराखडा त्याच दोन प्रश्नांवर परत आला.

ते दोन प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळले ते विद्यापीठात नव्हे, तर धुळ्याला मामीच्या अंगणात, आखाजीच्या दिवशी. म्हणून आजचा लेख खापरावर आहे. तुमचा विषय रसायनशास्त्र असो, शिक्षणशास्त्र असो की वाणिज्य, शेवटपर्यंत वाचा. उपयोग होईल.

आधी घडलं ते सांगते

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, आणि घरोघरी आमरस आणि खापरावरचे पुरणाचे मांडे. त्या वर्षी मामेभावाचं नुकतंच लग्न झालेलं. माणसं वाढली म्हणून मामाने बाजारातून नवं, मोठं खापर आणलं. जुनं होतं तोंडाला साधारण 40 सेंटिमीटर, नवं 50. "दहाच सेंटिमीटरचा फरक," मामा म्हणाला. "मांडे मोठे होतील, काम लवकर उरकेल."

मांडे करायला बसवलं नव्या वहिनीला. आणि मांडे फाटायला लागले. एक खापरावर टाकताना फाटला, दुसऱ्यातून पुरण बाहेर आलं, तिसऱ्याचा मधला भाग काळा आणि कडा कच्च्या. दुपारपर्यंत अंगणातल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं: पोरीचा हात तयार नाही. माहेरी शिकवलं नाही वाटतं. वहिनी खाली मान घालून पीठ तिंबत होती. मी तिथेच बसून आमरस वाटत होते, आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं.

मराठीत 'एखाद्यावर खापर फोडणं' म्हणतात ना, ते त्या दिवशी अक्षरशः खापरावरूनच झालं. रात्री झोप लागेना, तेव्हा एक साधी गोष्ट डोक्यात आली. त्या दिवशी घरात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: खापर नवं होतं आणि हातही नवा होता. मग दोष हाताचाच, हे आपण कशावरून ठरवलं?

खापर म्हणजे काय, ते कसं काम करतं

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी थोडं थांबते. खापर म्हणजे कुंभाराने घडवलेलं, रुंद तोंडाचं, गोलसर पोटाचं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात. तोंड खाली जाळाकडे, पोट वर. त्या तापलेल्या घुमटावर मांडा टाकायचा. मांड्याचं पीठ चांगलं तिंबून, मुरवून इतकं लवचिक करतात की पुरण भरलेला गोळा थोडा लाटून झाला की पुढचं काम हातांवर होतं. दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, तो कोपरापर्यंत पसरत जातो आणि मग एका झटक्यात खापरावर अंथरला जातो. भाजला की रुमालासारखी घडी घालून काढायचा.

आता मातीच का? लोखंडी कढई पालथी घातली तर? याचं उत्तर आकडेमोडीने पाहू, कारण पुढे ते लागणार आहे.

दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की सांध्यावर जे तापमान तयार होतं, ते दोघींपैकी कोण किती जोरात उष्णता देते-घेते यावर ठरतं. या गुणाला 'थर्मल एफ्युसिव्हिटी' म्हणतात. उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की ती मिळते. भाजलेल्या मातीची वाहकता साधारण 0.8, घनता 1900 आणि विशिष्ट उष्णता 850 धरली (सगळी एसआय एककं), तर उत्तर येतं 1100 च्या आसपास. लोखंडासाठी 50, 7800 आणि 460 धरले तर 13,000 च्या वर. म्हणजे जवळजवळ 12 पट. आणि ओल्या कणकेची? तीही 1100 च्या आसपास.

समजा खापर आणि लोखंडी कढई दोन्ही 250 अंश सेल्सिअसला तापलेत आणि मांडा 30 अंशाला आहे. टेकल्या क्षणी लोखंडाच्या सांध्यावर तापमान होईल जवळपास 230 अंश. मातीच्या सांध्यावर मात्र 140 च्या आसपास, कारण माती आणि कणीक बरोबरीच्या आहेत, दोघी मधे भेटतात. प्रत्यक्षात पाण्याची वाफ होते, टेकण सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे आकडे हलतील. पण दिशा तीच राहील. एक मिलिमीटरच्या पातळ मांड्याला लोखंड चटकन डागतं, माती सांभाळून घेते.

तुम्ही म्हणाल, मग लोखंड कमी तापवा. तापवू शकता. पण लाकडाचा जाळ एकसारखा नसतो, तो क्षणात भडकतो, क्षणात बसतो. पातळ लोखंड ती प्रत्येक हालचाल वर पोचवतं. माती पोचवत नाही, ती उशिरा आणि सावकाश कळवते. हा 'उशीर' नीट लक्षात ठेवा.

'मोठं' म्हणजे कुठून मोठं?

दुकानात आपण विचारतो, "मोठं खापर आहे का?" दुकानदार तोंडाचा व्यास दाखवतो. पुरातत्त्वाचे विद्यार्थीही आधी तोंडच मोजतात. त्यांच्या भाषेत खापर म्हणजे उत्खननात मिळणारा मडक्याचा तुकडा. गिरणाकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे, या आपल्याकडच्या उत्खननांतून असे तुकडे मिळाले आहेत. अखंड मडकं क्वचितच हाती येतं, म्हणून काठाचा तुकडा वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर ठेवून, त्याची वक्रता कुठल्या वर्तुळाशी जुळते ते पाहून मूळ तोंडाचा व्यास ठरवतात. पद्धत उत्तम आहे. पण त्यातून मिळतो एकच आकडा, आणि मांडे करायला तो पुरत नाही. निदान चार आकडे लागतात:

1. तोंडाचा व्यास
2. घुमटाची उंची
3. भिंतीची जाडी
4. वजन

आता मामाचा 'दहाच सेंटिमीटर' तपासू. समजा जुन्या खापराचा व्यास 40 सेंमी, घुमटाची उंची 10 सेंमी, जाडी 8 मिमी. सपाट तव्याचा हिशेब केला तर क्षेत्रफळ 1257 चौ. सेंमी. पण खापर घुमटाकार आहे, म्हणून मांडा पसरतो ते क्षेत्रफळ 1571 चौ. सेंमी, म्हणजे सपाटपेक्षा सव्वा पट. आणि एका काठापासून माथ्यावरून दुसऱ्या काठापर्यंत टेप धरलात तर 40 नव्हे, 46 सेंमी भरतं. मांडा त्या अंतराएवढा पसरावा लागतो.

नवं खापर त्याच घडणीचं, सगळीकडून सव्वा पट: व्यास 50, उंची 12.5, जाडी 10 मिमी. काय काय बदललं पाहा.

लांबी सव्वा पट झाली: माथ्यावरून अंतर 46 चं 58 सेंमी. क्षेत्रफळ सव्वाचा वर्ग, म्हणजे 1.56 पट: 1571 चं 2454 चौ. सेंमी. मातीचं आकारमान सव्वाचा घन, म्हणजे 1.95 पट: वजन सुमारे 2.4 किलोवरून 4.7 किलोच्या जवळ.

व्यासात चौथा हिस्सा वाढ आणि वजन जवळपास दुप्पट! लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ वेगवेगळ्या वेगाने वाढतात, हे आपण दहावीत शिकलो. पण बाजारात उभं राहिल्यावर ते आठवत नाही. आराखडा लिहितानाही आठवत नाही, ते पुढे सांगते.

तीन ठिकाणी अडणार

मोठं खापर घेतलं तर गोष्टी कुठे अडतील?

*पहिलं, हात.* मामीच्या घरी गोळा सवयीने एकाच मापाचा होतो. समजा पुरणासकट तो 200 ग्रॅमचा आहे. जुन्या खापरभर पसरला तर मांड्याची जाडी येते साधारण 1 मिमी. तोच गोळा नव्या खापरभर पसरायचा म्हटलं तर 0.7 मिमी पण नाही. म्हणजे मांडा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पातळ झाला. पुरणात डाळीचा एखादा बारीक कण राहिला असेल, तर 1 मिमीच्या पापुद्र्यात तो लपतो. 0.7 मध्ये तो डोकं वर काढतो आणि तिथूनच फाटतं. बरं, गोळा मोठा घेतला तर? मग हातांवर दीडपट वजन. आणि हातावरून लोंबणारा भाग जितका लांब, तितका त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण वरच्या टोकाला जास्त. कोपरापर्यंतचं अंतर काही सव्वा पट होत नाही!

*दुसरं, चूल.* खापर मोठं आणलं, चूल तीच राहिली. जाळ येतो मधे. कडा जाळापासून लांब पडल्या. म्हणून वहिनीच्या मांड्याचा मध्य काळा आणि कडा कच्च्या. हा हाताचा दोष असूच शकत नाही. हात कितीही तयार असला तरी तो जाळ कडेपर्यंत नेत नाही.

*तिसरं, वेळ.* मघाचा 'उशीर' आठवा. उष्णता भिंतीतून आरपार जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर धरलेल्या आकड्यांनी 8 मिमी मातीसाठी हा वेळ येतो 2 मिनिटांच्या थोडा वर, 10 मिमीसाठी साडेतीन मिनिटांच्या थोडा आत. म्हणजे जाळ कमी केला तर त्याचा परिणाम वर जाणवायला आता सव्वा मिनिट जास्त लागणार. मामी तीस वर्षं जुन्या खापरावर बसलेली. कधी लाकूड ओढायचं, कधी सारायचं, हे तिच्या अंगात त्या 2 मिनिटांच्या हिशेबाने बसलंय. नव्या खापरावर तिचाही अंदाज चुकणारच.

यात चौथी एक भीती जोडा, तडा जायची. मध्य तापलेला आणि काठ थंड, अशी स्थिती झाली की मध्य फुगू पाहतो, काठ त्याला धरून ठेवतो, आणि माती ताणात कमजोर असते. खापर गोलसर असतं, कोपरा नसतो, म्हणून ताण एका जागी साठत नाही. कुंभार मातीत वाळू किंवा राख मिसळतात. त्या कणांपाशी बारीक तडे अडतात, पुढे पळत नाहीत. तरीही भांडं जितकं मोठं आणि जाड, तितका मध्य आणि काठ यांच्यात फरक पडायला वाव जास्त. म्हणून नवं खापर सावकाश तापवायचं. छिद्रांत मुरलेल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली तर ते तडकतं.

जगात दुसरीकडे काय करतात

हा प्रश्न एकट्या खानदेशाचा नाही. परदेशात जाड सिरॅमिकच्या अंडाकृती ग्रिलमध्ये लोक पाव भाजतात. तिथेही घेणाऱ्याला वाटतं, मोठं घेऊन ठेवू, कधीतरी लागेल. मग दोन माणसांच्या एका पावासाठी रोज कितीतरी किलो सिरॅमिक तापवत बसावं लागतं. हिशेब आपल्या खापराचाच आहे: पाव केवढा, यापेक्षा माती किती तापवायची यावर वेळ आणि जळण ठरतं.

इथिओपियात इंजेरा नावाची मोठी आंबवलेली पोळी मातीच्या सपाट थाळीवर करतात. त्या थाळीला मिताद म्हणतात, आणि ती साधारण 60 सेंमीच्या आसपास असते. तिथे जळण वाचवणाऱ्या सुधारित चुली करायची वेळ आली तेव्हा कोणी बायकांना सांगितलं नाही की पोळी लहान करा. पोळीचं माप घरातल्या ताटाने आणि एकत्र जेवायच्या रीतीने ठरलेलं होतं. ते माप पक्कं धरून भोवतीची चूल बदलली, थाळीच्या कडेपर्यंत जाळ पोचेल आणि बाहेर वाया जाणार नाही अशी. 'मिर्त' नावाची चूल त्यातलीच. यातून शिकायचं ते एवढंच: आधी काय बदलता येत नाही ते ठरवा, मग उरलेल्याचं माप काढा.

मामाने उलटं केलं. खापर बदललं, आणि हात, चूल, गोळा सगळं तसंच ठेवून निकाल चांगला यावा अशी अपेक्षा धरली.

पुढच्या आखाजीला आम्ही काय केलं

वर्षभर ही आकडेमोड माझ्या वहीत पडून होती. पण आकडेमोड म्हणजे पुरावा नव्हे. ती सांगते की असं *होऊ शकतं*. झालं की नाही, ते करून पाहावं लागतं.

पुढच्या आखाजीला मी मामीला म्हटलं, "मामी, एक गंमत करू. या वेळी दोन्ही खापरं मांडू. तू नव्यावर पाच कर आणि जुन्यावर पाच. वहिनीपण तसंच करेल." मामी हसली. "तुन्हा अभ्यास मन्हा चुल्हापर का?" म्हणाली. म्हणजे, तुझा अभ्यास माझ्या चुलीवर का! पण तयार झाली.

संशोधनाच्या भाषेत याला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन माणसं, दोन खापरं, प्रत्येकाने दोन्हींवर काम करायचं. हात वाईट असेल तर तो दोन्ही खापरांवर वाईट दिसेल. खापर अडचणीचं असेल तर ते दोन्ही हातांना अडवेल. आदल्या वर्षी या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या, त्या आता सुट्या होणार होत्या.

काही नियम आधीच ठरवले, आणि ते आधी ठरवणं फार महत्त्वाचं:

- पीठ आणि पुरण एकाच घाण्यातलं. गोळे तराजूवर तोलून सारखे.
- 'फाटला' कशाला म्हणायचं? रुपयाच्या नाण्याहून मोठं भोक पडलं तर. नाहीतर मांडा मामीचा असला की "चालतंय", आणि वहिनीचा असला की "फाटला" असं होतं.
- प्रत्येक खापरावरचा पहिला मांडा मोजायचा नाही, कारण तो खापर तापल्याचा अंदाज घेण्यातच जातो.
- आधी कोण आणि कुठल्या खापरावर, हे चिठ्ठी टाकून. नाहीतर शेवटी बसणारी दमलेली असते आणि तिचा दोष दिसतो.

निकाल? नव्या खापरावर मामीचे पाचांपैकी तीन फाटले. वहिनीचेही तीन. जुन्या खापरावर मामीचा एकही नाही, वहिनीचा एक. अंगण थोडा वेळ गप्प होतं. मग मामीनेच हात पुसत म्हटलं, "हात देखीसन खापर लेवानं, माय." हात पाहून खापर घ्यावं. तिने ते कोणाला उद्देशून म्हटलं माहीत नाही. पण त्या दिवशी वहिनीच्या ताटात पहिला मांडा मामीने स्वतः वाढला.

थांबा, एवढ्यावर पेपर लिहू नका

इथे बरेच जण चूक करतात, म्हणून हा भाग दोनदा वाचा. आम्ही 20 मांडे केले. मग आमच्या नमुन्याचा आकार 20 झाला का?

प्रश्न 'या दोन बायका या दोन खापरांवर कशा करतात' एवढाच असेल, तर ठीक. पण 'मोठ्या खापरावर मांडे जास्त फाटतात' असा सर्वसाधारण दावा करायचा असेल, तर आपल्याकडे मोठं खापर एकच आहे. लहानही एकच. कदाचित ते मोठं खापर नेमकं वाकडं असेल, त्याची माती वेगळी असेल, भाजणी कमी झाली असेल. एकाच खापरावर शंभर मांडे केले तरी खापरांची संख्या एकच राहते. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीला पुन्हा पुन्हा मोजून तिला अनेक समजणं. एकाच शाळेतली 200 मुलं घेऊन 'शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना' करणाऱ्यांनी, आणि एकाच शेतातली 50 रोपं घेऊन 'दोन खतांची तुलना' करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करा.

खरा अभ्यास करायचा तर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वेगवेगळ्या कुंभारांकडून प्रत्येक मापाची अनेक खापरं घ्यावी लागतील. प्रत्येकाचे ते चार आकडे मोजावे लागतील. आणि आणखी एक मेख आहे: आमच्या नव्या खापरात व्यास, उंची आणि जाडी तिन्ही एकदम वाढले होते. दोष रुंदीचा की जाडीचा, हे आमच्या प्रयोगातून कळतच नाही. त्यासाठी रुंद पण पातळ, आणि अरुंद पण जाड अशी खापरं कुंभाराकडून मुद्दाम घडवून घ्यावी लागतील. कुंभार तुम्हाला वेड्यात काढेल, पण तीच तुमची प्रयोगाची रचना.

मग आमचा प्रयोग फुकट गेला का? नाही. त्याने एक दावा पाडला: 'दोष फक्त पोरीच्या हाताचा.' एखादा दावा पाडायला कधीकधी 20 मांडे पुरतात. नवा दावा उभा करायला पुरत नाहीत. हा फरक कळला तर अर्धी पीएचडी सोपी झाली समजा.

तर मग खापर केवढं घ्यावं?

ज्यांना खरंच खापर घ्यायचंय त्यांच्यासाठी, माझ्या समजुतीप्रमाणे:

आधी तुमच्या घरात मांडे करणारी व्यक्ती आरामात केवढा मांडा हातावर पसरते, ते ओल्या फडक्याने किंवा साध्या पिठाच्या गोळ्याने पाहा आणि टेपने मोजा. बाजारात जाताना टेप घेऊन जा. खापराचं तोंड मोजू नका, माथ्यावरून काठापासून काठापर्यंत मोजा. ते अंतर हातावरच्या मापापेक्षा जास्त नको. मग चुलीचं तोंड मोजा, जाळ खापराच्या बऱ्याच भागाला लागला पाहिजे. दोन खापरं सारख्या मापाची असतील तर उचलून पाहा. जड आहे ते उशिरा तापेल आणि उशिरा ऐकेल. आणि माणसं वाढली असतील तर एक मोठं घेण्याऐवजी दोन जुन्या मापाची घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. दोन चुली, दोन जणी, काम खरंच लवकर उरकतं.

आणि ज्यांना आराखडा लिहायचाय त्यांनी आज रात्री एक काम करा. वहीत तुमचा प्रश्न लिहा आणि त्याखाली चार ओळी:

1. मी 'योग्य' कशाला म्हणतोय/म्हणतेय, आणि ते प्रयोगाच्या आधी ठरवलंय का?
2. ज्याला मी एक 'प्रमाण' म्हणतोय, त्यात खरं तर किती वेगवेगळे आकडे लपलेत?
3. कुठली गोष्ट बदलता येणारच नाही?
4. निकाल वाईट आला तर मी खापर कोणावर फोडणार आहे, आणि ते तपासायची सोय माझ्या रचनेत आहे का?

माझा आराखडा दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी विषय लहान केला होता. 'अख्खा उत्तर महाराष्ट्र' काढून दोन तालुके ठेवले. कारण भागाचा विस्तार वाढवला की काम वाढतं, आणि काम करणारे हात दोनच असतात, हे तोवर मला कळलं होतं. मॅडमनी वाचून विचारलं, "एवढं लहान का केलं?" मी म्हटलं, "मॅडम, हात पाहून घेतलं." त्यांना संदर्भ कळला नाही. पण आराखडा मंजूर झाला.